इम्प्रेशनिस्ट चित्र नक्की किती लांबून बघायचं?

कलासंग्रहालयात इम्प्रेशनिस्ट चित्रांचं प्रदर्शन असलं की दालनात एक गोष्ट हमखास दिसते. लोक चित्राजवळ जातात, शेजारची छोटी पाटी वाचतात, मान वर करून चित्राकडे ओझरतं बघतात आणि पुढच्या पाटीकडे सरकतात. पाटीची बारीक अक्षरं वाचायला जेवढं जवळ जावं लागतं, तेच नकळत चित्र बघायचं अंतर होऊन बसतं. गुळगुळीत, रेखीव चित्रांना ते चालून जातं. या चित्रांना चालत नाही.

हातभर अंतरावरून क्लोद मोने या फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकाराचं तळं बघितलं तर तळं दिसतच नाही. हिरवे, जांभळे, गुलाबी फटकारे दिसतात, काही इतके जाड की त्यांची कड उचलून आलेली असते, तर मध्येच कॅनव्हास नुसता उघडा राहिलेला असतो. तिथून आठ-दहा पावलं मागे या. पाणी दिसायला लागतं, त्यावर ढगाचं प्रतिबिंब दिसतं, वारा कोणत्या बाजूनं वाहतोय तेही कळतं. परत पुढे जा, पुन्हा सगळं फटकाऱ्यांत मोडतं. पहिल्यांदा ही ये-जा केली तेव्हा मी एका चित्रापाशी किती वेळ होतो ते कळलंच नाही. हे चित्र डोळ्यांइतकंच पायांनी बघायचं असतं. असं का होतं, ते या लेखात सांगायचं आहे. ते एकदा समजलं की प्रदर्शनात फिरण्याची रीतच बदलते.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय या चित्रकारांचं धाडस कळत नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये चित्रकाराला नाव आणि गिऱ्हाईक मिळवायचं तर मुख्य दार एकच होतं, ‘सलाँ’ हे सरकारमान्य प्रदर्शन. कोणती चित्रं घ्यायची ते परीक्षक मंडळ ठरवायचं. त्यांना पुराणकथा, इतिहास, भारदस्त व्यक्तिचित्रं हवी असत आणि रंग इतका गुळगुळीत हवा असे की कुंचल्याचा मागमूस राहू नये. वर्षानुवर्षं नकार पचवलेल्या काही चित्रकारांनी मग आपली स्वतःची संस्था काढली आणि १५ एप्रिल १८७४ रोजी, सलाँच्या थोडं आधी, स्वतःचं प्रदर्शन उघडलं. जागा होती नादार या प्रसिद्ध छायाचित्रकाराचा जुना स्टुडिओ. तिकीट एक फ्रँक. तीसेक चित्रकार सामील झाले होते. मोने, रन्वार, पिसारो, देगा, सिसली, सेझान आणि बर्थ मोरिझो ही त्यांतली आज सगळ्यांना माहीत असलेली नावं. महिनाभरात सुमारे साडेतीन हजार लोक येऊन गेले. सलाँच्या गर्दीपुढे हा आकडा अगदीच किरकोळ होता.

त्यात मोनेचं ल आव्र बंदराचं एक लहानसं चित्र होतं. धुकं, दोन-तीन होड्या, नारिंगी सूर्य. यादीत छापायला नाव हवं होतं. हे काही बंदराचं रीतसर दृश्य म्हणून खपणार नाही हे मोनेला कळत होतं, म्हणून त्यानं ‘इम्प्रेशन’ असं लिहायला सांगितलं. चित्राचं नाव झालं ‘इम्प्रेशन, सूर्योदय’. लुई लरॉय या समीक्षकानं एका विनोदी नियतकालिकात त्यावर तोंडसुख घेतलं. भिंतीला चिकटवायचा अर्धवट छापलेला कागदही यापेक्षा पुरा वाटतो, अशा अर्थाचं काहीतरी त्यानं लिहिलं आणि लेखाच्या मथळ्यात या मंडळींना इम्प्रेशनिस्ट म्हटलं. शिवी म्हणून दिलेलं नाव त्यांना कायमचं चिकटलं.

मराठीत याला ‘दृक्‌प्रत्ययवाद’ म्हणतात. शब्द जड आहे, पण मला तो मूळ शब्दाहून नेमका वाटतो. प्रत्यय म्हणजे स्वतःला आलेली प्रचीती. समोर बंदर आहे ही माहिती झाली. पहाटे त्या एका घटकेला, त्या धुक्यात डोळ्यांना जे जाणवलं, तो प्रत्यय. चित्रकार त्याच्या मागे होते.

आता रंगांकडे येऊ. खरी गंमत तिथे आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमजही तिथेच आहेत.

उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कागदावर हाताची सावली पाडा आणि ती कोणत्या रंगाची आहे ते नीट बघा. सवयीनं आपण करडी म्हणू. पण निरभ्र आकाशाखाली ती चक्क निळसर असते. हातानं थेट ऊन अडवलं, तरी आकाशाचा निळा उजेड त्या जागेवर पडतच राहतो. आपला मेंदू मात्र हा निळेपणा वजा करून टाकतो, कारण कागद पांढरा आहे हे त्याला ठाऊक असतं. ही सोय रोजच्या जगण्यात फार कामाची आहे. इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी तीच बाजूला ठेवली. मोनेनं १८६८-६९च्या हिवाळ्यात एक बर्फाचं चित्र केलं, ‘द मॅगपाय’. कुंपणाच्या फाटकावर बसलेला एक काळा-पांढरा पक्षी आणि बर्फावर पडलेल्या कुंपणाच्या लांब सावल्या. त्या सावल्या निळ्या-जांभळ्या आहेत. सलाँनं ते नाकारलं. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे आणि त्यासमोर उभं राहिलं की बर्फावरचं ते ऊन कोवळं आहे हे अंगाला जाणवतं. सावलीला थंडी दिली, म्हणून उन्हाला ऊब आली.

या मागचं शास्त्र थोडं आधीच पुढे आलं होतं. शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लँ या भिंतपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. तिथे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. त्यांनी तपासलं तर धाग्याच्या रंगात खोट नव्हती. शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो फिका भासत होता. यावर त्यांनी १८३९मध्ये मोठा ग्रंथच लिहिला. सार असं की दोन रंग शेजारी आले की ते एकमेकांना बदलतात. निळ्याशेजारी नारिंगी, लालाशेजारी हिरवा, पिवळ्याशेजारी जांभळा अशा विरुद्ध जोड्या असल्या तर दोन्ही रंग पेटून उठतात. प्रदर्शनात हिरवळीच्या चित्रात एखादा लाल ठिपका दिसला, लाल फूल, छत्री किंवा टोपी, तर तो बोटानं झाकल्यासारखा करून बघा. आजूबाजूची हिरवळ मंदावते.

‘इम्प्रेशन, सूर्योदय’मध्ये याहून सूक्ष्म प्रकार घडतो. नारिंगी सूर्य धुक्याच्या निळसर करड्या रंगावर लखलखताना दिसतो. पण चित्राचा कृष्णधवल फोटो पाहिला तर सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! म्हणजे रंग वेगळा असला तरी सूर्याचा उजळपणा भोवतालच्या आकाशाइतकाच आहे. मेंदूतल्या दृष्टीविषयी संशोधन करणाऱ्या मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी याचं कारण उलगडून सांगितलं आहे. आपल्या दृष्टीव्यवस्थेचा एक भाग रंग ओळखतो. दुसरा, उत्क्रांतीत जुना असलेला भाग फक्त उजळ-गडद बघतो, आणि वस्तू कुठे आहे, हलते आहे का, हे तोच ठरवतो. पहिल्या भागाला सूर्य दिसतो, दुसऱ्याला दिसत नाही. त्यामुळे मेंदूला त्याची जागा पक्की करता येत नाही आणि सूर्य थरथरल्यासारखा वाटतो. मोनेला यातलं काहीही माहीत असणं शक्य नव्हतं. त्यानं फक्त डोळे उघडे ठेवले आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवला. प्रदर्शनात फोटो काढायची परवानगी असेल तर मोबाइलवर चित्राचा कृष्णधवल फोटो करून मूळ चित्राशी ताडून बघा. काय उजळपणानं उभं राहिलंय आणि काय निव्वळ रंगानं, हे लगेच उमगतं.

सगळीकडे ऐकू येणारी एक समजूत अशी, की हे चित्रकार निळा आणि पिवळा ठिपका शेजारी ठेवायचे आणि लांबून डोळ्यांत त्याचा हिरवा व्हायचा. हे दोन्ही बाजूंनी चूक आहे. निळा आणि पिवळा रंग पॅलेटवर कालवले तर हिरवा होतो, पण त्यांचे बारीक ठिपके डोळ्यांत मिसळले तर साधारण करडेपणा येतो. आणि संग्रहालयांच्या प्रयोगशाळांनी रंगांचे सूक्ष्म नमुने तपासले तेव्हा दिसलं की मोने भरपूर रंग कालवायचा. १८७७ साली त्यानं साँ-लाझार रेल्वे स्थानकाची बारा चित्रं केली. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्यांतलं एक आहे. त्यातले काळपट भाग, लोखंडी छत आणि इंजिनं, मुख्यतः निळे, हिरवे आणि लाल असे भडक रंग एकत्र कालवून केलेले आहेत. म्हणून तो काळोख मेलेला वाटत नाही.

अंतराचा हिशेबही करून बघा. चांगल्या नजरेला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील सुटा दिसतो. एक सेंटिमीटर रुंदीचा फटकारा तेवढा बारीक व्हायला जवळपास ३४ मीटर मागे जावं लागेल, म्हणजे बहुतेक दालनांच्या भिंतीपलीकडे. तीन-चार मीटरवर फटकारे विरघळलेले नसतातच. ते दिसत असतात आणि पाणीही दिसत असतं. एवढ्या अंतरावर सबंध चित्र एकदम नजरेत मावतं आणि मेंदू त्या फटकाऱ्यांना अर्थ लावतो. अर्धं चित्र कॅनव्हासवर असतं, उरलेलं आपण तिथल्या तिथे पुरं करत असतो. या चित्रांतून मिळणारा आनंद मला इथूनच येतो असं वाटतं.

याला अमुक एक अंतर नाही. चित्राच्या कर्णाच्या दीड-दोन पट मागे उभं राहून सुरुवात करावी, मग पुढे-मागे होत ती जागा शोधावी जिथे रंग अजून रंग आहे आणि पाणी नुकतंच पाणी व्हायला लागलंय. दर चित्राला ती निराळी असते.

हे तंत्र आलं कुठून? सोपं उत्तर म्हणून रंगाच्या ट्यूबचं नाव घेतलं जातं. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून विकत. ती टोचून रंग काढायचा आणि मग भोक बुजवत बसायचं. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं पिळायच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि रंग खिशात मावायला लागला. पण तेव्हा मोने अजून वर्षाचाही नव्हता, त्यामुळे एकट्या ट्यूबला सगळं श्रेय देता येत नाही. तिच्याबरोबर कारखान्यातले नवे रंग आले, कोबाल्ट निळा, स्वस्त झालेला कृत्रिम अल्ट्रामरीन, व्हिरिडियन हिरवा. धातूच्या पट्टीनं आवळलेले चपटे कुंचले आले आणि त्यांनी चौकोनी फटकारा शक्य केला. रेल्वे आली. पॅरिसहून सकाळी निघून आर्जांत्योला नदीकाठी दिवसभर रंगवून संध्याकाळी परतता यायला लागलं. मोनेनं १८७०मध्ये त्रुव्हीलच्या किनाऱ्यावर केलेल्या एका चित्राच्या रंगात वाळूचे कण अडकलेले सापडले आहेत. वारा सुटला असणार. हे चित्र उघड्यावर झालं याचा एवढा सच्चा पुरावा दुसरा कोणता?

तरीही सगळी चित्रं एका बैठकीत, जागच्या जागी होत असं मानू नये. रुआँच्या कॅथीड्रलवर मोनेनं १८९२ आणि १८९३ मध्ये काम केलं. समोरच्या इमारतीच्या खिडकीत तो अनेक कॅनव्हास मांडून बसायचा. ऊन सरकलं की हातातलं चित्र बाजूला, त्या उजेडाचं चित्र पुढे. अशी तीसहून जास्त चित्रं झाली आणि झिव्हर्नीच्या घरी त्यांवर पुढेही बरंच काम चाललं. त्यांतली वीस त्यानं १८९५मध्ये एकत्र मांडली. मग ती एकेक करून विकली गेली आणि आज जगभर पांगली आहेत. त्याच्या गवताच्या गंजींच्या चित्रमालिकेचंही तेच झालं. म्हणून एखाद्या प्रदर्शनात अशा मालिकेतली दोन जरी चित्रं शेजारी टांगलेली दिसली, तर त्या भिंतीला वेळ द्या. अशी गाठ क्वचित पडते. तीच दगडी भिंत सकाळी निळी, दुपारी फिकट पिवळी होताना बघितली की चित्राचा विषय इमारत उरत नाही. यातली एक गंजी मॉस्कोच्या प्रदर्शनात पाहून तरुण कँडिन्स्कीला ती गंजी आहे हे कळलंच नव्हतं. यादी वाचल्यावर कळलं. तो आधी खजील झाला, पण चित्र मनातून जाईना. पुढे हाच माणूस अमूर्त चित्रकलेचा एक प्रवर्तक झाला.

इम्प्रेशनिस्ट म्हणजे सगळे एकसारखे, असंही नव्हे. देगाला उघड्यावर रंगवण्याचा तिटकारा होता आणि हे नावही त्याला पसंत नव्हतं. तरी बहुतेक प्रदर्शनांच्या उभारणीत तो पुढे असायचा. त्याच्या नर्तकी चौकटीच्या कडेला अर्ध्या कापल्या जातात, मधली जमीन रिकामी राहते. जपानी छापचित्रं आणि छायाचित्रण यांचा तो संस्कार आहे. कायबोतचा पावसातला पॅरिसचा रस्ता जवळून बघितला तरी फारसा मोडत नाही, तो खूपच घोटीव आहे. मोरिझोच्या ‘पाळणा’ या चित्रात तिची बहीण झोपलेल्या बाळाकडे बघते आहे. पाळण्यावरची जाळी पांढऱ्या-करड्या तरल रंगाची आहे, आणि तिच्यापलीकडचं बाळ दिसतंही आणि झाकलेलंही राहतं. हे चित्र १८७४च्या त्या पहिल्या प्रदर्शनात होतं. गटाच्या आठ प्रदर्शनांपैकी सातांत तिची चित्रं होती, फक्त १८७९मध्ये, मुलीच्या जन्मानंतर, ती नव्हती. इतकं करूनही तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसायाच्या रकान्यात ‘व्यवसाय नाही’ असं नोंदवलं गेलं. ते वाचून मला अजूनही वाईट वाटतं. प्रदर्शनात तिचं किंवा याच गटातल्या मेरी कॅसॅटचं चित्र कोपऱ्यात असेल तर मुद्दाम तिथे जा.

प्रत्यक्ष जाण्याबद्दल थोडं. सगळी चित्रं बघायचा अट्टहास सोडा. एक फेरी झरझर मारा, मन कुठे अडकलं ते लक्षात ठेवा आणि परत येऊन तीन-चार चित्रांपाशीच थांबा. पाटी नंतर वाचा, पण वाचा. साल बघा, कारण पहिलं आणि आठवं, म्हणजे शेवटचं प्रदर्शन यांत १८७४ ते १८८६ एवढंच अंतर आहे आणि तेवढ्यात बरंच बदललं. माध्यम बघा. पेस्टल किंवा कागदावरचं काम असेल तर ते दालन मुद्दाम मंद ठेवलेलं असतं, साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास. डोळे सरावायला दोन-चार मिनिटं द्या. चित्रावर काच असून चकाकत असेल तर थोडं बाजूला सरका. तिरक्या नजरेनं जाड रंगाचे उंचवटेही छान दिसतात. पाठीवरची पिशवी पुढे घ्या किंवा ठेवून या. मागे सरकताना आपण कुणावर तरी धडकणार असतो, आणि या प्रदर्शनात मागे सरकणं तर करायचंच आहे.

समोर दिसतात ते रंग चित्रकारानं लावले तेव्हाचेच आहेत असंही धरून चालू नका. रन्वारनं १८८३मध्ये केलेलं मादाम क्लापिसाँ यांचं व्यक्तिचित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्याची पार्श्वभूमी थंड, निळसर दिसते. संवर्धकांनी ते चौकटीतून काढलं तेव्हा कडेची, चौकटीखाली झाकलेली पट्टी लालभडक निघाली. लाल रंगद्रव्य उजेडानं उडालं होतं, आणि जिथे उजेड पोचलाच नाही तिथे ते टिकलं. हीच भीती असल्यामुळे संग्रहालयं दिवे मंद ठेवतात.

याला एक मोठा अपवाद पॅरिसच्या ऑरांझरी संग्रहालयात आहे. पहिलं महायुद्ध थांबल्याच्या दुसऱ्याच दिवशी मोनेनं कमळांची चित्रं राष्ट्राला देऊ केली. पुढे त्यातून दोन लंबगोल दालनं भरली. सुमारे दोन मीटर उंचीच्या आठ रचना, एकत्र मोजल्या तर नव्वद मीटरच्या आसपास. त्यांवर काम चालू असताना त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, १९२३मध्ये शस्त्रक्रिया झाली. डिसेंबर १९२६मध्ये तो गेला आणि पुढच्या मे महिन्यात दालनं उघडली. वरून नैसर्गिक उजेड यावा अशी त्याची इच्छा होती. १९६०च्या दशकात तिथे वर एक मजला चढवला गेला आणि तो उजेड बंद झाला. २००६पर्यंत चाललेल्या दुरुस्तीत तो मजला काढून टाकला. आता दालनाच्या मधोमध ठेवलेल्या बाकावर बसलं की बाहेर ढग सूर्यावर येतो तेव्हा भिंतीवरचं पाणीही मंदावतं. ढग सरकतो, आणि कमळं पुन्हा उजळतात.